मैदानावरचे मौन

वाचकहो, गुडघेदुखी, मधुमेह किंवा मोतीबिंदू यांऐवजी मी या अंकात फुटबॉलविषयी लिहीत आहे, हे पाहून आपणांस नवल वाटेल. परंतु तुमसरच्या माझ्या दवाखान्यात ज्येष्ठ मंडळी जे प्रश्न घेऊन येतात, त्यांतील काहींची उत्तरे औषधाच्या चिठ्ठीवर मावत नाहीत. असाच एक प्रश्न २०२२ च्या हिवाळ्यात प्रथम माझ्यापुढे आला आणि त्यानंतर निरनिराळ्या रूपांत येतच राहिला.

त्या वर्षीची विश्वचषक स्पर्धा आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. कतारमधील सामने आपल्याकडे कधी दुपारी साडेतीनला, तर कधी मध्यरात्री साडेबाराला दिसत. ज्यांना वयोमानाने रात्री झोप लागत नाही असे आजोबा आणि ज्यांना झोपायचेच नसते असे नातू, अशा जोड्या घरोघरी दूरचित्रवाणीसमोर बसलेल्या असत. २३ नोव्हेंबरला जपानविरुद्धच्या सामन्यापूर्वी जर्मनीच्या खेळाडूंनी छायाचित्रासाठी उभे राहताना एकाच वेळी आपापल्या तोंडावर हात ठेवला. दोनच दिवसांपूर्वी युरोपातील सात संघांना कळवण्यात आले होते की, त्यांच्या कर्णधारांनी इंद्रधनुषी रंगांची ‘वन लव्ह’ दंडपट्टी बांधली तर त्यांना पिवळे कार्ड दाखवले जाईल. ती पट्टी समलिंगी व्यक्तींसह सर्वांच्या सन्मानासाठी होती, आणि कतारमध्ये समलिंगी संबंध हा गुन्हा आहे. संघांनी पट्टी सोडली. जर्मनांनी मात्र आपल्याला बोलू दिले जात नाही हे हाताने दाखवले.

रक्तदाब मोजताना एका सेवानिवृत्त गृहस्थांनी मला विचारले, “डॉक्टरसाहेब, त्या पोट्ट्यांनी तोंडावर हात कायले ठेवले?” मी कारण सांगितले. ते थोडे थांबले, मग म्हणाले, “पण एवढे पोलादासारखे पोट्टे. त्यांच्यात असा कोणी असन का?”

असतो. प्रत्येक समाजात, प्रत्येक काळात, प्रत्येक व्यवसायात काही पुरुषांना पुरुषांविषयी आणि काही स्त्रियांना स्त्रियांविषयी ओढ वाटते. मग अकरा जणांच्या संघात ती कधीच नसेल असे मानण्यास आधार नाही. स्नायूंचे बळ आणि मनाची ओढ यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. तरीही पुरुषांच्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये हे उघडपणे सांगणारे खेळाडू इतके थोडे का, हा खरा प्रश्न आहे. आपल्या देशातील पुरुषांच्या फुटबॉलमध्ये तर असे एकही नाव माझ्या ऐकिवात नाही. स्त्रियांच्या फुटबॉलमध्ये मात्र अमेरिकेच्या मेगन रॅपिनोसारख्या विश्वविजेत्या खेळाडूंनी हे सहजपणे सांगितले आणि त्या खेळत राहिल्या. म्हणजे अडचण खेळात नाही, पुरुषांच्या गर्दीत आहे.

एका माणसाची हकिकत आपल्याला सांगतो. जस्टिन फशानू हा इंग्लंडमधील कृष्णवर्णीय खेळाडू. तो आणि त्याचा धाकटा भाऊ जॉन पालक आईवडिलांकडे वाढले. १९८० मध्ये नॉर्विचकडून खेळताना लिव्हरपूलविरुद्ध त्याने जो गोल केला, तो त्या हंगामातील सर्वोत्तम ठरला. पुढील वर्षी नॉटिंगहॅम फॉरेस्ट या संघाने त्याच्यासाठी दहा लाख पौंड मोजले. ब्रिटनमधील कृष्णवर्णीय खेळाडूसाठी तेवढी रक्कम तोवर कोणी दिली नव्हती. तो समलिंगी व्यक्तींच्या क्लबांत जातो हे प्रशिक्षक ब्रायन क्लफ यांच्या कानी गेले आणि त्यांनी त्याला संघाबरोबर सराव करण्यास मनाई केली. त्यानंतर तो या संघातून त्या संघात फिरत राहिला. ऑक्टोबर १९९० मध्ये त्याने वर्तमानपत्रातून आपण समलिंगी असल्याचे जाहीर केले. जॉनही नामवंत फुटबॉलपटू होता. त्याने भावाला जाहीरपणे परका ठरवले. पुष्कळ वर्षांनी जॉनने पश्चात्ताप बोलून दाखवला, पण तोवर ऐकायला भाऊ उरला नव्हता. मे १९९८ मध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी, जस्टिनने आपले जीवन संपवले. त्या वेळी अमेरिकेत त्याच्यावर एक गंभीर आरोप झालेला होता, त्यामुळे त्याच्या मृत्यूचे एकच एक कारण सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. आत्महत्येला सहसा एकच कारण नसते. पण ज्या माणसामागे प्रशिक्षक, संघ आणि सख्खा भाऊ यांपैकी कोणीही उभे नाही, त्याच्यावर दुसरे संकट कोसळले की काय होते, हे आम्ही डॉक्टर नेहमी पाहतो.

त्यानंतर इंग्लंडच्या वरच्या श्रेणीतील पुरुष संघांत खेळत असताना हे सांगणारा दुसरा खेळाडू पुढे यायला तीस वर्षांहून अधिक काळ लागला. जेक डॅनियल्स हा ब्लॅकपूल संघाचा सतरा वर्षांचा मुलगा, मे २०२२ मध्ये बोलला. मधल्या काळात जर्मनीकडून ५२ सामने खेळलेल्या थॉमस हिट्झल्सपर्गर यांनी निवृत्तीनंतर, २०१४ मध्ये, सांगितले. अमेरिकेच्या रॉबी रॉजर्सने २०१३ मध्ये सांगितले ते खेळ सोडत असल्याच्या घोषणेबरोबर. वय अवघे २५. खरे बोलायचे तर मैदान सोडावे लागेल, असे त्याने गृहीत धरले होते. काही महिन्यांनी तो परतला आणि खेळला. ऑस्ट्रेलियाच्या जॉश कव्हॅलोने २०२१ मध्ये सांगितले तेव्हा जगभरातून कौतुक झाले, आणि दोन-अडीच महिन्यांतच मेलबर्नच्या मैदानावर प्रेक्षकांतून त्याला शिव्याही ऐकाव्या लागल्या. चेक राष्ट्रीय संघाचा याकुब यांक्टो २०२३ मध्ये बोलला.

जेक डॅनियल्सच्या सांगण्यातील एक तपशील मला डॉक्टर म्हणून फार मोलाचा वाटतो. त्याने प्रथम आई आणि बहिणीला सांगितले, आणि दुसऱ्याच दिवशीच्या सामन्यात चार गोल केले. यात चमत्कार काही नाही. सतत काही लपवणाऱ्या माणसाचे शरीर पहारा देत असते. कोणाकडे पाहिले, किती वेळ पाहिले, कोणाचे नाव तोंडातून निघाले, मोबाईल कुठे ठेवला, मुलींविषयीच्या थट्टेत वेळेवर हसलो का, याचा हिशेब दिवसभर चालतो. पहारेकऱ्याला झोप कशी लागेल? अशा व्यक्तींमध्ये निद्रानाश, आम्लपित्त, डोकेदुखी, छातीत धडधड, वजन घटणे अशा तक्रारी आढळतात, आणि तपासण्या मात्र स्वच्छ येतात. दारूचा आधार घेण्याचे प्रमाणही वाढते. आई किंवा आजी यांच्यापैकी एकीने जरी ऐकून घेतले, तरी तो पहारा सैल होतो.

आता आपल्या मनातील प्रश्न. हा आजार आहे का? नाही. मी नव्वदच्या दशकात एमबीबीएस झालो, तेव्हा न्यायवैद्यकशास्त्राच्या पुस्तकांत हा विषय विकृती आणि अनैसर्गिक गुन्हे यांच्या प्रकरणात असे. गंमत अशी की जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून १७ मे १९९० रोजीच वगळली होती. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने तर १९७३ मध्येच. भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये हा मानसिक आजार नसल्याचे स्पष्ट केले, आणि त्याच वर्षी ६ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ च्या बाबतीत निर्णय देऊन प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२१ मध्ये वैद्यकीय पुस्तकांतील तो मजकूर सुधारण्यास सांगितले, आणि २०२२ मध्ये अशा व्यक्तीला ‘बदलण्याचे’ उपचार करणे हे डॉक्टरचे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. तेव्हा ‘हार्मोनची तपासणी करा’, ‘ताकदीचे इंजेक्शन द्या’ असे आग्रह धरू नयेत. हार्मोन सहसा ठीकच निघतात. इंजेक्शनाने काही बदलत नाही, नुकसान मात्र होते. बसस्थानकाच्या भिंतींवर ज्यांच्या जाहिराती रंगवलेल्या असतात, त्या वैद्यांविषयी मी अधिक लिहीत नाही. संपादकांची अडचण होईल.

‘ही पाश्चात्त्यांची थेरं आपल्याकडे आली’, असेही काही वाचक म्हणतील. त्यांना मी एक जुनी मराठी गोष्ट आठवण करून देतो. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केले. आज आपण ज्या प्रकारचे पाक्षिक हातात घेऊन बसला आहात, त्याचे ते आजोबाच म्हणायला हवेत. वाचक त्यात लैंगिक विषयांवरील प्रश्न मोकळेपणाने विचारत आणि कर्वे शास्त्राधारे उत्तरे देत. त्या प्रश्नांत समलिंगी संबंधांविषयीचेही प्रश्न असत. म्हणजे नव्वद वर्षांपूर्वी मराठी घरांत ते होते. या उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला आणि १९३४ मध्ये त्यांची बाजू मांडली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. हॅवलॉक एलिस यांच्यासारख्या संशोधकांचा आधार देऊन, शास्त्रीय माहिती देणे म्हणजे अश्लीलता नव्हे, असा युक्तिवाद त्यांनी केला. खटला ते हरले. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. आपल्या भंडाऱ्यातील ज्येष्ठांना १९५४ ची पोटनिवडणूक आठवत असेल किंवा वडिलांकडून ऐकून ठाऊक असेल. बाबासाहेब ती आपल्या जिल्ह्यातून लढले आणि तीही हरले. हरलेल्या बाजूंकडे पुन्हा पाहण्याची सवय आपल्या जिल्ह्याला असायला हरकत नाही.

आणि दिवाळीनंतरच्या मंडया? खडी गंमत रात्रभर चालते, लुगडे नेसून पुरुष नाचतो, अख्खा गाव शिट्या वाजवतो, बक्षिसे लावतो. सकाळी त्याच गावात एखाद्या मुलाची चाल थोडी मृदू दिसली की त्याला ‘बायल्या’ म्हणून हाक मारली जाते. (येथे एक खुलासा आवश्यक आहे: स्त्रीवेशात नाचणारा पुरुष समलिंगी असतोच असे नाही, आणि समलिंगी पुरुष मृदूच असतो असेही नाही. हे दोन्ही समज एकाच अज्ञानातून येतात.) कबड्डीच्या मैदानावर, आखाड्यात, फुटबॉलच्या सरावात मुलाला चिथवायचे असले की हाच शब्द वापरतात. प्रशिक्षकाला वाटते, याने मुलगा इरेला पेटेल. ज्याला तो शब्द लागू नाही तो पेटतोही. ज्याच्या मनात आधीच भीती आहे तो दुसऱ्या दिवशी सरावाला येत नाही, आणि घरी सांगतो, ‘पाय मुरगळला.’

सांघिक खेळात ही भीती अधिक का, हे मला एका तरुणाने समजावून दिले. त्याची ओळख पटू नये म्हणून मी गाव, वय आणि खेळातील जागा बदलून लिहितो. लिहिण्यास त्याची संमती आहे. तो नागपूरला शिकत होता आणि तेथे फुटबॉल खेळत होता. विजय बारसे सरांनी वस्तीतील मुलांना घेऊन उभ्या केलेल्या फुटबॉलवरचा ‘झुंड’ चित्रपट पाहून आपल्याही कित्येक मुलांना नागपूरचे मैदान गाठावेसे वाटले असेल. हा त्याआधीपासूनचा खेळाडू. एके दिवशी संघातील कोणाच्या तरी हाती त्याचा मोबाईल पडला. कोणी मारहाण केली नाही. मुलांनी त्याच्या शेजारी कपडे बदलणे बंद केले, आणि मैदानावर त्याच्याकडे चेंडू येईनासा झाला. तो म्हणाला, “डॉक्टर, धावण्याच्या शर्यतीत एकटा पळता येते. येथे दहा जणांनी ठरवले की आपण मैदानात असूनही नसतो.” प्रशिक्षकाने त्याला बाजूला घेऊन संघाचे वातावरण बिघडत असल्याचे सांगितले.

त्याच सुमारास त्याच्या आजोबांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणे जड झाले. मुलगा शिक्षण अर्धवट टाकून गावी परतला आणि त्यांची सेवा करू लागला. कूस बदलणे, आंघोळ, मालिश, वेळेवर गोळ्या, सगळे तोच. पाठीला एकही जखम होऊ दिली नाही. हे किती अवघड असते ते आपल्यापैकी ज्या घरांत अंथरुणाला खिळलेला रुग्ण आहे त्यांना सांगायला नको. गावाने त्याला श्रावणबाळ ठरवले. त्याला मैदान का सोडावे लागले हे कोणी विचारलेच नाही, कारण उत्तर समोर खाटेवर दिसत होते.

माझ्याकडे तो आला तो पोटातल्या जळजळीसाठी. सहा किलो वजन उतरलेले, रात्री तीन तासांची झोप. ईसीजी, साखर, थायरॉईड ठीक. अशा वेळी मी सरळ विचारतो, तसे विचारले: “जगणे नकोसे वाटते का?” असे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो हा गैरसमज आहे. उलट, विचारणारा भेटला की माणूस बोलतो. तो बोलला, आणि मग सगळेच बोलला. मी त्याला जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातील मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवले, ते खचलेल्या मनासाठी. त्याच्या ओढीवर उपचार करण्यासाठी नव्हे. आणि धानाच्या फवारणीची औषधे घरात कोठे ठेवता हेही विचारले. माजघरात खाटेखाली होती. ती कुलपात गेली आणि किल्ली त्याच्या आईकडे. आपल्या जिल्ह्यात प्रत्येक शेतकरी घराने, घरात कोणी दुःखी असो वा नसो, एवढे करावेच. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा विनामूल्य क्रमांकही घरात दिसेल असा लिहून ठेवावा, तेथे मराठीत बोलता येते.

त्याने सांगितलेले मी त्याच्या घरी सांगितले नाही. अशी गोष्ट सांगण्याचा अधिकार ज्याची ती आहे त्याचाच असतो, हे काळजी घेणाऱ्या आप्तांनी विशेष ध्यानात ठेवावे. आपल्याला संशय आला म्हणून मुलाला कोंडीत पकडून ‘तू तसा आहेस का’ असे विचारू नये, त्याचा मोबाईल तपासू नये, मामाला किंवा बुवाला मध्ये घालू नये. त्याला बोलावेसे वाटेल असे घर ठेवता येते. सामना पाहताना पडद्यावर अशा खेळाडूचे नाव आले, की आपण काय उद्गार काढतो ते शेजारी बसलेला नातू ऐकत असतो. तुच्छतेचा एक शब्द त्याचे तोंड दहा वर्षे बंद करू शकतो. ‘खेळतो चांगला’, एवढे म्हटले तरी पुष्कळ होते.

कोणी म्हणेल, खेळाडूंनी खासगी गोष्ट जाहीर करावीच कशाला? हा आक्षेप मला पटत नाही. विवाहित खेळाडू सामना जिंकला की पत्नीला, मुलांना मैदानात बोलावतो, तेव्हा तेही खासगीच असते. आपण टाळ्या वाजवतो. ओडिशाची धावपटू द्युती चंद हिने २०१९ मध्ये आपले एका मुलीशी नाते असल्याचे सांगितले तेव्हा तिच्या घरातून विरोध झाला, तरी ती धावत राहिली. तिच्यामुळे कितीतरी घरांत हा विषय प्रथमच मोठ्याने बोलला गेला असेल. ज्यांना वाचायला आवडते त्यांनी पुण्याच्या बिंदुमाधव खिरे यांची मराठी पुस्तके मिळवावीत. नाटकाची आवड असणाऱ्यांना चेतन दातार यांचे ‘एक माधवबाग’ ठाऊक असेल, ज्यात अशा मुलाची आई बोलते.

राहिला लग्नाचा प्रश्न. ‘लग्न केले की ठीक होईल’ हे औषध आपल्याकडे सर्वांत अधिक दिले जाते आणि त्याचे दुष्परिणाम दुसऱ्याच रुग्णाला भोगावे लागतात: त्या मुलीला. लग्नानंतर काही वर्षे मूल होत नाही म्हणून अंगारे आणि तपासण्या करून घेत फिरणाऱ्या, नवरा जवळ का येत नाही हे कोणालाही विचारू न शकणाऱ्या स्त्रिया मी पाहिल्या आहेत. त्यांना दोष दिला जातो, आणि त्या तो स्वीकारतातही.

त्या तरुणाने सुमारे दहा महिन्यांनी, एका दुपारी आजोबांना आंघोळ घालून झाल्यावर, त्यांना स्वतःच सांगितले. दोन दिवस आजोबा काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी त्यालाच मालिश करायला बोलावले. दुसऱ्याचा हात त्यांना चालत नाही. पुढल्या आठवड्यात मी रक्तदाब पाहायला गेलो तेव्हा नातू औषधे आणायला बाहेर गेला होता. आजोबांनी मला जवळ बसवले. जड जिभेने एकेक शब्द जुळवत त्यांनी विचारले, की तुळशीचे लग्न झाले की लाखनीकडचे लोक मुलगी सांगून येणार आहेत, त्यांना आता काय कारण सांगायचे?

मी म्हणालो, “कारण सांगूच नका. आमच्याकडे यंदा कर्तव्य नाही, एवढेच कळवा.”

ते बराच वेळ पाहत राहिले. मग डाव्या हाताने त्यांनी उशीखालची वही काढून माझ्यापुढे केली आणि तेवढे वाक्य लिहून द्यायला सांगितले.